दसरूच्या घरातली चार नावं

या अंकाच्या संपादकबाई घरी आल्या आणि म्हणाल्या, "आजी, तुम्ही जंगलातल्या. वाघाबद्दल काहीतरी लिहा." वाघ मी आयुष्यात दोनदा पाहिला आणि दोन्ही वेळा त्याची पाठच पाहिली. तेवढ्यावर पानं भरत नाहीत. मी म्हटलं, मतदारयादीबद्दल लिहिते. बाईंचा चेहरा पडला. पण वाघ काय, तो आपल्या वाटेनं जातो. मतदारयादीनं आमच्या गावात नवराबायको एकमेकांशी बोलेनासे झालेले मी पाहिले आहेत.

मी कोतवाल होते. शहरातल्या माणसाला कोतवाल म्हटलं की पोलीस वाटतो. पोलीस नाही. तलाठ्याच्या हाताखाली सगळ्यात शेवटी जो उभा असतो तो कोतवाल. नोटीस पोचवायची, दवंडी द्यायची, साहेब आला की खुर्ची आणायची, गेला की ज्याची त्याला परत द्यायची. आधी माझा नवरा कोतवाल होता. तो गेल्यावर जागा भरायची होती आणि चौथी पास माणूस पाहिजे होता. मी चौथी पास होते. बाई दवंडी कशी देईल, यावर गावात दोन दिवस कुजबुज झाली. मी नवऱ्याचं डफडं खुंटीला टांगलं आणि जर्मनची थाळी घेतली. थाळी डफड्यापेक्षा लांब ऐकू जाते. तिसऱ्या दिवशी कुजबुज संपली.

गाव मोहबोडी. सिंदेवाहीहून बस फाट्यावर सोडते, तिथून जंगलातून पायी. मध्ये मोठा तलाव, एका काठाला ढीवरांची, म्हणजे मासे धरणाऱ्यांची, वस्ती, दुसऱ्या काठाला गोंडांची टोली, आणि मधल्या पाळीवर ग्रामपंचायत, म्हणजे कोणालाच जवळ नाही.

मतदारयादीचं काम कागदावर तलाठ्याचं. सही त्याची, पाय माझे. नियम मला पाठ होते, कारण ते थोडेच आहेत. माणूस अठराचा झालेला पाहिजे. तो या देशाचा पाहिजे. ज्या गावात नेहमी राहतो तिथेच त्याचं नाव पाहिजे, आणि एकाच ठिकाणी पाहिजे. नाव चढवायला नमुना सहा, उतरवायला नमुना सात, चूक दुरुस्त करायला नमुना आठ. झालं. पार्टी कोणती, हे त्यात कुठेच विचारत नाहीत. पार्टीचा रकानाच नाही.

हे मात्र मी गावाला कधीही पटवू शकले नाही.

ढीवरांतली भिवराबाई तीन वर्षं मला अंगणातून परत पाठवत होती. "मी कोनत्याच पार्टीत नाव टाकत नाई. पार्टीवाले येतेत, भांडनं लावतेत, जातेत." मी सांगायची, अगं ही पार्टीची यादी नाही, सरकारची आहे. ती म्हणायची, "मंग सरकार कोनाचं हाय?" यावर मी वही मिटायची आणि तिच्या जावेच्या दाराशी जायची. चौथ्या वर्षी ती आपण होऊन आली. जावेचं नाव चढलं आहे असं तिला कळलं होतं. "माहं तिच्या वरती लिहिजो," म्हणाली.

कायदा म्हणतो, ग्रामपंचायतीला पार्टी नसते. नुसती चिन्हं असतात आणि दर निवडणुकीला नवीन मिळतात. आमच्या गावानं पहिल्या निवडणुकीत एका बाजूला छत्री आणि दुसऱ्या बाजूला कपबशी पाहिली, आणि त्यानंतर माणसं जन्मालाच छत्रीवाली नाहीतर कपबशीवाली येऊ लागली. पुढं चिन्हं बदलली तरी नाव तेच. छत्रीवाल्याला पतंग मिळाला तर तो घरोघर सांगत फिरायचा, "औंदा आपली छत्री पतंगावर हाय."

फोटोवाली कार्डं आली तेव्हाचंही सांगते. फोटोवाला सिंदेवाहीहून येऊन शाळेत बसला. टोलीतले पुरुष उघड्या अंगानं कामावरून आले. अंगात शर्ट पाहिजे, असं फोटोवाला म्हणाला. शर्ट एकाचाच होता, पांढरा, खिशावर शाईचा डाग असलेला. आजही टोलीतल्या म्हाताऱ्यांची जुनी कार्डं काढून पाहा. माणसं वेगळी आणि डाग एकच.

हे झालं हसण्यासारखं. एक गोष्ट हसण्यासारखी नाही, तीही इथेच सांगून टाकते, कारण पुढं लागणार आहे. कमला नावाची एक बाई बाळंतपणाला माहेरी गेली, गडचिरोलीच्या पलीकडं. वर्षभर आली नाही. शेजारीण म्हणाली, "ते आता येत नाई, नवऱ्यासंगं पटत नाई." मी ऐकलं आणि नमुना सात भरला. तलाठ्यानं न पाहता पुढं पाठवला. मतदानाच्या दिवशी कमला पोर काखेत घेऊन केंद्रावर उभी. यादीत नाव नाही. केंद्राध्यक्षांनी परत पाठवलं. माझ्याकडे तिनं एकदा पाहिलं आणि गेली. शिव्या दिल्या असत्या तर मी चार परत दिल्या असत्या आणि मोकळी झाले असते. त्या दिवसापासून मी स्वतःसाठी एक नियम केला, तो सरकारच्या पुस्तकात नाही. ज्याचं नाव कापायचं त्याच्या घरी स्वतः जायचं, आणि तो जिथं गेला असेल तिथं त्याचं नाव चढलं की नाही, तेही स्वतः पाहायचं.

आता दसरूकडे येते.

दसरू कुमरे टोलीतला. नांगराला पक्का, बोलायला पक्का, छत्रीवाल्यांचा पुढारी. मागच्या ग्रामपंचायतीत त्याला आणि कपबशीच्या रामाजी सिडामला सारखी मतं पडली होती. सारखी मतं पडली की चिठ्ठी काढतात. तहसीलमध्ये कोणाच्या तरी नातीनं डब्यात हात घातला आणि रामाजी निघाला. दसरू त्यानंतर पाच वर्षं एकच वाक्य बोलत होता, "एक मत. एकच मत पाह्यजे होतं." दोघे सोयरे होते, एकाच टोलीत राहायचे. एकमेकांच्या सुखदुःखात जायचे आणि वाटेत एकमेकांना शिव्या द्यायचे.

दसरूच्या घरात यादीवर चार नावं होती. दसरू, त्याची बायको सुकरा, मुलगी मैना आणि चैतू. भांडण चैतूवरून झालं.

चैतू लमझना होता. गोंडांमध्ये अशी चाल आहे की मुलाच्या घरच्यांची मुलीच्या बापाला देज द्यायची ऐपत नसली, तर मुलगा स्वतः मुलीच्या घरी येऊन राहतो. शेतात राबतो, गुरं राखतो, सरपण आणतो. बोलीची वर्षं भरली की लग्न. तोवर तो घरात झोपत नाही, पुढच्या सपरीत, म्हणजे उघड्या पडवीत, झोपतो. अशा मुलाला लमझना म्हणतात. चैतू मिसरूड फुटायच्या आधी आला होता, भुयारटोल्याहून. बोली तीन वर्षांची होती. आता पाचवं चाललं होतं. दरसाल धान मळून झालं की सुकरा नवऱ्याकडे पाहायची आणि दसरू म्हणायचा, "पुढच्या साली." चैतूसारखा नांगऱ्या आसपासच्या चार गावांत नव्हता आणि दसरूला ते सगळ्यात आधी कळलं होतं. टोलीत म्हणायचे, दसरूचे बैल म्हातारे होतील, पण चैतूच्या डोक्याला बाशिंग लागणार नाही.

चैतू अठराचा झाला तेव्हा मीच त्याचं नाव लिहिलं. आमच्या त्या वेळच्या घरोघरच्या कागदात कुटुंबप्रमुखाशी नातं लिहायचा रकाना होता. मी तलाठ्याला विचारलं, साहेब, लमझना लिहू का? तो म्हणाला, "असा शब्द सरकारात नाही. जवळचं काहीतरी लिहा." दसरू घरी नव्हता. मी 'जावई' लिहिलं. मी काही गोंड नाही. लग्नाआधी जावई म्हणायचं नसतं, तसं म्हटलं की बाप शब्दात अडकतो, हे मला त्या वेळी ठाऊक नव्हतं. चूक माझी. पण आयुष्यात केलेल्या चुकांत ही मला सगळ्यात आवडते.

नवी ग्रामपंचायत जवळ आली तशी कच्ची यादी भिंतीवर लागली. रामाजीनं आयुष्यात दुसरं काही वाचलं नसेल, पण ती यादी तो बोट ठेवून ठेवून वाचायचा. दसरूच्या घरावर बोट आलं आणि थांबलं. दुसऱ्या दिवशी त्यानं चैतूच्या नावावर हरकत घेतली, नमुना सात. कारण लिहून आणलं होतं, 'सदर इसम गावचा रहिवासी नाही, जावई नाही, खोटी नोंद.'

नियमाप्रमाणे मी चौकशीला गेले. दुपारची वेळ, दसरू आणि चैतू शेतावर. सुकरा अंगणात तुरी पाखडत होती. ही बाई मुकी नव्हती, पण तिच्या वाट्याचं बोलणं दसरू बोलून टाकायचा. मी सपरी पाहिली. चटई, घोंगडं, कुऱ्हाड, खिळ्याला आरसा आणि आरशात खोचलेला कंगवा. माणूस इथेच राहतो हे आंधळ्यालाही कळलं असतं.

मैना आतून आली आणि माझ्या हातातल्या कागदाकडे पाहून म्हणाली, "बाई, नाव कापून राह्यल्या का?"

"चौकशी करून राह्यली."

"कापू नोका."

"कापलं त का होते? मतच जाते एक."

"मत गेलं तळ्यात," मैना म्हणाली. "बाबा चैतूले ठेवून राह्यला तो दोन कामासाठी. एक नांगर, एक मत. नाव कापलं त म्हनल, सरकारच म्हनते हा आपला नाई, मंग लगन कायचं? आन तिकडून त्याच्या बापाचा सांगावा आला हाय. होळीपावतर लगन नाई झालं त पोट्टा वापस पाठवा. त्याच्यासाठी दुसरी पोट्टी पाहून ठेवली हाय त्यायनं."

"चैतू का म्हनते?"

"तो का म्हनल? तो बैलासारखा हाय. चांगला हाय, पन बोलत नाई." मग एकदम चिडून म्हणाली, "पाच साल मी का त्याची भाकर थापाले बसली होती? होळीले सव्वा महिना हाय, बाई."

सुकराचं सूप थांबलं. सूप पुन्हा सुरू झालं, जरा जोरात.

मी लग्नं जुळवणारी बाई नाही. मी माझ्या कागदावर 'इसम सदर घरी राहतो' एवढं लिहिलं आणि निघाले. पण तळ्याच्या पाळीवरून येताना मला कमला आठवली. चैतूचं नाव भुयारटोल्याच्या यादीत असणं शक्य नव्हतं. तिथून निघाला तेव्हा तो पोरगा होता. इथलं कापलं तर तो जगात कुठेच राहत नाही, असं सरकार म्हणणार.

सुनावणीच्या आदल्या दिवशी, दिवे लागायच्या वेळी, दसरू माझ्याकडे आला. ओट्यावर उकिडवा बसला.

"बाई, उद्या साहेबाले का सांगू?"

"खरं सांग."

"खरं म्हंजे कोनतं?"

"तो तुहा कोन, ते. कागदावर जावई लिहिलं हाय. नाई म्हनशील त कागद खोटा."

दसरूनं डोकं खाजवलं. "जावई म्हनलं त टोली माह्या उरावर बसन. लगन कर म्हनन. अखीन एक साल पाह्यजे होतं मले, धानाच्या वरच्या बांधीत माती टाकाची हाय." मग म्हणाला, "घरगडी म्हनलं असतं, पन रामाजी सांगून राह्यला, घरगड्याचं मत चालत नाई."

इथे वाचकांनी नीट ऐकावं. रामाजी खोटं सांगत होता, किंवा त्याला ठाऊक नव्हतं. घरगड्याचंही मत चालतं. जावई असो, गडी असो, भाचा असो, जो ज्या घरी नेहमी झोपतो तो तिथला. नातं कोणीही विचारत नाही. हा नियम मला पाठ होता. दसरू माझ्याकडे पाहत होता. मी तंबाखू मळत होते. मळत राहिले.

"तू पाह्य बावा," मी म्हटलं.

सुनावणी शाळेच्या व्हरांड्यात झाली. नायब तहसीलदार नवे होते, जीपमधून आले, वयानं माझ्या धाकट्याएवढे. टेबल, खुर्ची, पाण्याचा तांब्या, सगळं मी मांडलेलं. टोली सगळी आली होती आणि ढीवरांतलेही निम्मे आले होते, कारण त्या दिवशी जाळं टाकण्यापेक्षा इथं जास्त मिळणार होतं.

रामाजी उभा राहिला. "साहेब, ह्या पोट्ट्याची कोनती नोंद हाय ते पाहा. जावई लिहिलं हाय. आमच्यात लगन झाल्याबिगर जावई होत नाई. मंडप कवा पडला? जेवन कवा झालं? मी सोयरा हावो, मले बलावनं नाई! आन झोपते कुठी त सपरीत, बैलायपाशी. जावयाले कोनी बैलायपाशी झोपवते का?"

लोक हसले. ढीवरांतून कोणीतरी ओरडलं, "माह्या सासऱ्यानं झोपवलं होतं!"

साहेबांनी पेन आपटलं. "दसरू कुमरे. चैतू पेंदाम हा तुमच्या घरी राहतो?"

"हो जी."

"किती वर्षांपासून?"

"तीन... पाच, जी."

"नोंदीत जावई लिहिलंय. बरोबर आहे का?"

दसरूनं आधी रामाजीकडे पाहिलं. मग चैतूकडे. चैतू व्हरांड्याच्या खांबाला टेकून जमिनीकडे पाहत होता. मग दसरूनं बायकांकडे पाहिलं. सुकरानं पदर ओढून घेतला नाही की मान खाली घातली नाही. ती सरळ नवऱ्याकडे पाहत होती. तिला तसं पाहताना मी तरी पहिल्यांदाच पाहिलं.

"बोला लवकर," साहेब म्हणाले.

"जावईच म्हना जी," दसरू म्हणाला.

"म्हना नाही. आहे की नाही?"

"हाय. हाय जी. माहा जावई हाय."

साहेब मान वर करून म्हणाले, "ठीक आहे. खरं म्हणजे नातं काहीही असलं तरी..."

मी चहा पुढं केला. "घ्या साहेब, थंडा होते." कपात चहा काठोकाठ होता आणि थोडा बशीत सांडला. साहेबांनी कागद सावरले आणि वाक्य राहून गेलं.

दसरूचा जबाब लिहून घेतला, 'चैतू पेंदाम हा माझा जावई असून माझ्या घरी राहतो.' खाली दसरूचा अंगठा. साक्षीदार म्हणून टोलीचा पाटील. हरकत फेटाळली. दसरू छाती काढून व्हरांड्यातून उतरला आणि पायरीवरच अडला, कारण समोर टोलीचा पाटील उभा होता. म्हातारा शांतपणे म्हणाला, "दसरू, सरकारात लिहून देलास. आता मंडप कवा?"

त्याच्याहून मोठ्यानं रामाजी ओरडला, "हो, मंडप कवा? मत गेलं त गेलं, जेवन नाई सोडत मी!"

होळीच्या आधी लग्न झालं. गाव जेवलं. रामाजी तीनदा पंगतीला बसला आणि तिन्ही वेळा भाताला नावं ठेवली. दसरूही खूश होता. मुलगी इथेच, नांगऱ्या इथेच, मतं दोन्ही इथेच. पण चालीचा दुसरा भाग तो विसरला होता, की बोली संपली म्हणजे संपली. पाचव्या दिवशी चैतूनं सपरीतला आरसा काढला, कुऱ्हाड खांद्यावर टाकली आणि मैनाला घेऊन भुयारटोल्याची वाट धरली. जाताना एकच वाक्य बोलला म्हणतात, "मामा, वरच्या बांधीत माती टाकाची राह्यली."

महिनाभरात मतदान आलं. यादी पक्की झाली होती, दोघांची नावं आमच्याकडेच होती. या वेळी दसरूला पतंग मिळाला होता. त्यानं चार वेळा सांगावा धाडला. मतदानाच्या दिवशी मी केंद्राच्या दाराशी पाण्याच्या रांजणाजवळ बसले होते, कोतवालाची जागा तीच. दसरू समोरच्या मोहाखाली सकाळपासून वाटेकडे तोंड करून बसलेला. प्रचार नाही, काही नाही, नुसता बसलेला. चार वाजत आले तेव्हा जंगलातून दोघं येताना दिसली, मैना पुढं, चैतू मागं. सहा कोस चालून आली होती. दसरू उठला, धावला आणि मध्येच आपण धावतो आहोत हे लक्षात येऊन चालायला लागला.

मैनाच्या बोटाला शाई लागली, चैतूच्या लागली. रांजणातलं पाणी प्यायली आणि रात्री दसरूकडे जेवून पहाटे परत गेली.

दसरू एका मतानं हरला.

चिठ्ठीनं हरला असता तर त्यानं देवाला दोष दिला असता. एका मतानं हरल्यावर माणूस आसपास पाहतो. त्यानं चैतूकडे बोट दाखवलं. "पाच साल माह्या घरचं खाल्लं आन कपबशीले देऊन गेला." टोलीत बोलायला विषय झाला. मी कोणाला काही म्हटलं नाही. मत गुप्त असतं, हाही नियमच आहे.

माझं काम राहिलं होतं. दोघं गाव सोडून गेली, म्हणजे इथून नाव कापायचं आणि तिथं चढवायचं. तलाठी म्हणाला, इकडचं कापा, तिकडचं ते पाहतील. मी त्याला कमलाचं सांगितलं नाही. सांगून त्याला कळलं नसतं. दोन नमुना सहा पिशवीत घातले आणि एका पहाटे भुयारटोल्याला चालत निघाले.

त्यांची झोपडी नवीन होती, कुडाला अजून ओल होती. चैतू आतल्या बाजूला झोपतो हे मी न विचारता पाहिलं, चटई आत होती, आरसा आत होता. तिथला कोतवाल सोबत घेतला होता. त्याच्या घरोघरच्या कागदासाठी मी विचारलं, कुटुंबप्रमुख कोण? चैतूनं मैनाकडे पाहिलं. मैना म्हणाली, "सांग ना, तूच हायेस."

"मी," चैतू म्हणाला.

नात्याच्या रकान्यात त्या कोतवालानं 'स्वतः' लिहिलं. चैतूला वाचता येत नव्हतं. त्यानं मला विचारलं, "बाई, का लिहिलं?" मी वाचून दाखवलं. त्यानं पुन्हा वाचायला सांगितलं. मी पुन्हा वाचलं.

मैना मला वेशीपर्यंत पोचवायला आली. मी विचारलं नव्हतं, तीच म्हणाली, "बाबा चैतूले शिव्या देऊन राह्यला म्हनतेत. त्याले सांगजा बाई, आमी दोघायनं त्यालेच देलं. सहा कोस दुसऱ्यासाठी कोन चालन? बाप हाय तो माहा."

मला ते खरं वाटलं. मी आयुष्यात पुष्कळ खोटं ऐकलं आहे, पण मतदानाच्या दिवशी रांजणाशी त्या दोघांना आलेला घाम खोट्याला येत नसतो.

परत आले तेव्हा उन्हं कलली होती. दसरू अंगणात खाटेवर बसला होता, सुकरा मोहफुलं वाळवायला पसरत होती. दसरूनं मला पाहिलं आणि उठून उभा राहिला. तो त्या दिवशी सिंदेवाहीला जाऊन आला होता आणि कोणीतरी त्याला नियम सांगितला होता.

"बाई, घरगडी म्हनलं असतं तरी मत चाललं असतं म्हनतेत."

"चाललं असतं."

"तुमाले मालूम होतं?"

"होतं."

"मंग सांगतलं काऊन नाई?"

"तू इचारलं काऊन नाई?"

मी पोरीचा निरोप सांगितला, जसा तिनं दिला तसा. सहा कोसांचंही सांगितलं. दसरू खाटेवर बसला. चेहऱ्यावरचा राग उतरत गेला आणि मग बोटांवर काहीतरी मोजायला लागला. टोलीत छत्रीची घरं कोणती, कपबशीची कोणती, हे त्याला झोपेतही पाठ होतं. तो मोजत मोजत स्वतःच्या घराशी आला. चार बोटं धरली. दसरू. मैना. चैतू. चौथं बोट तसंच उभं राहिलं.

"मंग माहं एक मत गेलं कुठी?" तो म्हणाला.

मी सुकराकडे पाहिलं. ती एकच मोहफूल हातात घेऊन त्यावरची माती झटकत होती. झटकून झाली होती. ती पुन्हा झटकू लागली.

"मत गुप्त असते, दसरू," मी म्हटलं आणि तिला विचारलं, "सुकरा, पानी देतेस का घोटभर? सहा कोस गेली न सहा कोस आली."

तिनं तांब्या भरून आणून दिला. पाणी गार होतं.